कोल्हापूरच्या हवेत कुंडीतील ऑर्किड: नवख्यांसाठी मार्गदर्शन

ऑर्किडची कुंडी पहिल्यांदा घरी आणणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत गोष्टी एकाच क्रमाने घडतात. दोन-अडीच महिने फुले टवटवीत राहतात, मग एकेक करून गळतात, पुढे पाने मऊ पडून सुरकुततात. झाड तहानले आहे असे समजून पाणी वाढवले जाते आणि पावसाळा संपेपर्यंत ते झाड हातचे गेलेले असते. पाण्यावाचून सुकलेल्या ऑर्किडपेक्षा पाण्याने कुजलेली ऑर्किड मी कितीतरी अधिक पाहिली आहेत. म्हणून या लेखात फुलांपेक्षा मुळांविषयी जास्त लिहिले आहे, आणि सगळे वेळापत्रक कोल्हापूरच्या तीन ऋतूंना धरून दिले आहे. कोरड्या उन्हाळ्यात, जुलैच्या संततधारेत आणि हिवाळ्यात ऑर्किडला तीन वेगवेगळ्या प्रकारे सांभाळावे लागते.

आधी मूळ ओळखावे

कुंडीत वाढवली जाणारी बहुतेक ऑर्किड निसर्गात जमिनीवर नव्हे, तर झाडांच्या खोडांवर आणि फांद्यांवर वाढतात. ती त्या झाडातून अन्न शोषत नाहीत, तेथे फक्त आधार घेतात. अनेकजण त्यांना बांडगूळ समजतात, तो गैरसमज आहे. पाऊस आला की त्यांची मुळे भिजतात आणि थोड्याच वेळात वाऱ्याने पुन्हा सुकतात. या मुळांवर मृत, सच्छिद्र पेशींचे एक जाड आवरण असते, त्याला वेलामेन म्हणतात. हे आवरण पाणी झटकन शोषून घेते आणि आतल्या मुळाला हळूहळू पुरवते.

फॅलेनॉप्सिस या ऑर्किडच्या प्रकाराच्या पारदर्शक कुंडीत हे डोळ्यांनी पाहता येते. कोरडे मूळ चंदेरी-पांढरे दिसते, त्यावर पाणी ओतताच ते पाहता पाहता हिरवे होते आणि पुन्हा वाळू लागले की परत चंदेरी होते. मुळाचे वाढते टोक मात्र नेहमी हिरवे किंवा तांबूस आणि चकचकीत असते. निरोगी मूळ बोटांनी दाबले तर टणक लागते. कुजलेले मूळ तपकिरी, पिचपिचीत होते आणि ओढले की वरची साल निघून येऊन आतला दोऱ्यासारखा तंतू तेवढा हातात राहतो. ही एक पारख जमली की पाणी कधी घालायचे, कुंडी कधी बदलायची आणि झाड आजारी आहे की नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आपल्यालाच मिळू लागतात.

साध्या मातीत हीच मुळे गुदमरतात. नर्सरीतली लाल माती, शेतातली काळी माती, कोकोपीट, शेणखत किंवा गांडूळखत यांपैकी काहीही ऑर्किडच्या कुंडीत घालू नये.

कोणते झाड निवडावे

कोल्हापुरात सुरुवात डेंड्रोबियमपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. जांभळ्या-पांढऱ्या फुलांचे जे संकरित डेंड्रोबियम हारांच्या दुकानांत आणि लग्नाच्या सजावटीत दिसते, त्याच गटातले हे झाड आहे. त्याला उसाच्या कांड्यासारखी उभी, रसाळ खोडे असतात. त्या खोडांत पाणी आणि अन्न साठलेले असल्यामुळे चार दिवस दुर्लक्ष झाले तरी ते तग धरते. एप्रिल-मे महिन्यांतील येथील ३८-३९ अंशांची उष्णता ते सावलीत आणि पुरेशा ओलाव्यात सोसते, आणि एकदा रुळले की वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा फुलते.

फॅलेनॉप्सिस दिसायला अधिक देखणे असते आणि भेट म्हणून तेच जास्त दिले जाते. पण त्याला पाणी साठवणारी खोडे नसतात. जे काही आहे ते पाने आणि मुळे यांतच. त्यामुळे चूक झाली की ती लवकर दिसते. घरात उजेडाची खिडकी असेल, पण उन्हाची गॅलरी नसेल, तर मात्र फॅलेनॉप्सिसच योग्य. व्हँडाची मुळे मोकळी लोंबती असतात, उन्हाळ्यात त्यांना दिवसातून दोनदा पाणी द्यावे लागते, म्हणून ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी ठेवावे. सिंबिडियम आणूच नये. सिक्कीम-दार्जिलिंगकडच्या थंड रात्रींवाचून ते फुलत नाही आणि कोल्हापुरात नुसती पाने वाढवत राहते.

खरेदीसाठी ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ उत्तम. उन्हाळा सुरू होण्यापूर्वी झाडाला नव्या जागी मुळे धरण्यास काही महिने मिळतात. निवडताना फुलांकडे शेवटी पाहावे. झाड कुंडीत घट्ट बसले आहे का, पानांच्या मागे पांढरा कापसासारखा थर किंवा तपकिरी खवले आहेत का, मुळे टणक आहेत का, हे आधी तपासावे. दांड्यावर काही फुले उमललेली आणि काही कळ्या मिटलेल्या असाव्यात. गडद निळ्या रंगाचे फॅलेनॉप्सिस दिसले तर मोहात पडू नये. तो रंग दांड्यात सोडलेला असतो आणि पुढच्या वेळी त्याच झाडाला पांढरी फुले येतात.

याच जागी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. आंबा घाट, राधानगरी, गगनबावडा या बाजूला मे-जूनमध्ये गेल्यास आंब्या-जांभळाच्या खोडांवर सीतेची वेणी या रानटी ऑर्किडचे गुलाबी-पांढरे झुपके लोंबताना दिसतात. आसाममध्ये हेच फूल राज्यपुष्प आहे. असा गड्डा ओरबाडून घरी आणण्याचा मोह अनेकांना होतो. तसे करू नये. अभयारण्यातून झाडे उचलणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. शिवाय खोडावरून ओढताना त्याची मुळे तुटतात आणि तोडून आणलेले असे झाड शहरात सहसा जगत नाही. ऑर्किडचे बी धुळीइतके बारीक असते, त्यात अंकुरासाठी अन्नसाठा नसतो आणि निसर्गात विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. म्हणूनच जंगलातून गेलेल्या एका झाडाची जागा भरून निघायला फार काळ लागतो. १९२२ साली लुईस नडसन या अमेरिकी शास्त्रज्ञाने साखर घातलेल्या माध्यमावर, बुरशीशिवाय हे बी रुजवून दाखवले. तेव्हापासून रोपे प्रयोगशाळेत तयार होऊ लागली आणि आज नर्सरीत मिळणारी रोपे बहुतांशी तशाच मार्गाने आलेली असतात. हौस भागवण्यासाठी जंगलात हात घालण्याची गरज उरलेली नाही.

कुंडी आणि भरण

मातीची कुंडी घ्यावी. तिच्या अंगातून पाणी बाष्प होऊन जाते, त्यामुळे मुळे थंड राहतात आणि लवकर सुकतात. शाहूपुरी, गंगावेस किंवा बापट कॅम्प येथील कुंभारांकडे तळाला आणि बाजूंनी भोके असलेली कुंडी सांगून करून घेता येते. आकार लहानच ठेवावा. डेंड्रोबियमला पाच-सहा इंचांची कुंडी पुरते. मोठ्या कुंडीत मधला भाग दिवसेंदिवस ओला राहतो आणि कूज तेथूनच सुरू होते. फॅलेनॉप्सिससाठी भोके पाडलेली पारदर्शक प्लॅस्टिकची कुंडीही चालते, कारण तिच्यातून मुळांचा रंग दिसतो.

भरणासाठी तीन वस्तू पुरेशा आहेत. पहिली, इस्त्रीवाले वापरतात तो लाकडी कोळसा, ज्याला लोणारी कोळसा म्हणतात. दगडी कोळसा चालत नाही. दुसरी, भाजक्या विटांचे तुकडे. तिसरी, वाळलेल्या नारळाच्या सोडणाचे तुकडे. शहाळ्याचे सोडण कोवळे असते आणि काही महिन्यांत कुजते, म्हणून ते टाळावे. सोडणात क्षार असतात. ते चार-पाच दिवस पाण्यात बुडवून ठेवावे आणि पाणी रोज बदलावे. पहिल्या दिवशीचे पाणी चहाच्या रंगाचे होते, ते फिके होईपर्यंत धुवावे. कोळसा आणि विटांचे तुकडेही धुऊन, बारीक चुरा काढून टाकावा, कारण हाच चुरा पुढे भोके बुजवतो. तुकडे साधारण सुपारीएवढे असावेत.

डेंड्रोबियमला कोळसा आणि विटा समप्रमाणात घालून सोडण अगदी थोडे वापरावे. फॅलेनॉप्सिसला सोडणाचे प्रमाण थोडे वाढवावे किंवा मिळाल्यास पाइनच्या सालीचे तुकडे घ्यावेत. घर शहरात उघड्या, वाऱ्याच्या गच्चीवर असेल तर सोडण जास्त ठेवावे. पन्हाळ्याच्या बाजूला किंवा पश्चिमेकडे, पाऊस आणि धुके अधिक असलेल्या भागात राहत असाल, तर ते जवळजवळ वगळावे.

झाड लावताना खोडाचा तळ भरणाच्या वर राहील असे पाहावे, त्याला गाडू नये. नवे झाड हलते आणि हलणाऱ्या झाडाची कोवळी मुळे घासून मोडतात, म्हणून काठी रोवून ते सुतळीने सैल बांधावे.

नर्सरीतून आणलेल्या फॅलेनॉप्सिसच्या बाबतीत एक खबरदारी हवी. ते बऱ्याचदा शेवाळात, म्हणजे स्फॅग्नम मॉसमध्ये गच्च भरलेले असते. वरून ते कोरडे वाटते, पण बोट खोल घातले तर गाभा चिंब असतो. फुले असताना त्याला छेडू नये, पाणी मात्र फार जपून द्यावे. फुले संपली की झाड बाहेर काढावे, मुळांमधले शेवाळ कोमट पाण्यात हलक्या हाताने सोडवावे आणि वर सांगितलेल्या भरणात लावावे.

जागा आणि उजेड

पूर्वेकडची गॅलरी सर्वांत चांगली. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंतचे कोवळे ऊन डेंड्रोबियमला मानवते. पश्चिमेच्या गॅलरीत मार्चनंतर दुपारचे ऊन पाने भाजून काढते. भाजलेला डाग आधी पिवळट-पांढरा आणि मग काळा, कोरडा होतो आणि तो पुन्हा हिरवा होत नाही. गच्चीवर ठेवायचे असल्यास डेंड्रोबियमसाठी ५० टक्के आणि फॅलेनॉप्सिससाठी ७५ टक्के सावलीचे शेडनेट बांधावे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि ज्या गॅलरीत उन्हाळ्यात ऊन नव्हते तेथे ते आत येते, म्हणून वर्षातून दोनदा कुंड्यांच्या जागा तपासाव्यात.

उजेड पुरेसा आहे की नाही हे पानेच सांगतात. गर्द, काळपट हिरवी पाने म्हणजे उजेड कमी, आणि अशा झाडाला फुले येत नाहीत. पिवळट किंवा लालसर झाक आली तर उजेड जास्त. मधला पोपटी-हिरवा रंग हवा. दुपारी पानांच्या वीतभर वर हात धरून पाहावा. सावली पुसट पडली तर ती जागा फॅलेनॉप्सिसची, कडा स्पष्ट पण सौम्य असतील तर डेंड्रोबियमची.

हवा खेळती असणे उजेडाइतकेच महत्त्वाचे आहे. कुंड्या भिंतीला चिकटवून किंवा एकमेकींत पाने अडकतील इतक्या दाटीने ठेवू नयेत, आणि थेट सिमेंटच्या फरशीवर तर कधीच ठेवू नयेत. उन्हाळ्यात तापलेली फरशी खालून मुळे शिजवते. विटांवर, लोखंडी मांडणीवर किंवा टांगून ठेवावीत.

ऋतूंप्रमाणे पाणी

तीन नियम वर्षभर सारखे आहेत. पाणी सकाळी द्यावे, म्हणजे रात्रीपर्यंत पाने कोरडी होतात. दिले तर भरपूर द्यावे, म्हणजे सर्व मुळे भिजून पाणी भोकांतून धो-धो बाहेर जाईल. आणि कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नये. रोज एक पेला पाणी घालण्याची पद्धत सर्वांत वाईट, कारण तिने वरचा भाग सतत ओला राहतो आणि खालची मुळे कोरडीच राहतात. अंदाज येत नसेल तर बांबूची बारीक काडी कुंडीत खोल खुपसून दहा मिनिटांनी काढावी. ती ओलसर आली तर त्या दिवशी पाणी नको. काही आठवड्यांत कुंडी हाताने उचलूनच वजनावरून कळू लागते.

मार्च ते मे या काळात कोल्हापूरची दुपार कोरडी असते. कोळसा-विटांमधील डेंड्रोबियमला एप्रिल-मे महिन्यांत रोज सकाळी पाणी लागते, फॅलेनॉप्सिसला तीन-चार दिवसांनी. हवेतला ओलावा वाढवण्यासाठी पसरट ट्रेमध्ये खडी घालून तिच्या निम्म्या उंचीपर्यंत पाणी भरावे आणि कुंड्या खडीवर ठेवाव्यात. कुंडीचा तळ पाण्याला टेकता कामा नये. सकाळी कुंड्यांभोवतीची फरशी भिजवली तरी बराच फरक पडतो. वळवाचा पाऊस आला की झाडे तरारून उठतात, पण त्याच्यासोबत गारा आणि सोसाट्याचा वारा येतो, म्हणून टांगलेल्या कुंड्यांच्या तारा एप्रिलमध्येच घट्ट करून घ्याव्यात.

खरी परीक्षा जून अखेरीपासून सुरू होते. जुलैमध्ये पंचगंगा पात्राबाहेर येते त्या दिवसांत ऊन आठवडा-आठवडा दिसत नाही, कपडे वाळत नाहीत आणि कुंडीतले भरणही वाळत नाही. नवख्या माणसाने या काळात कुंड्या छपराखाली घ्याव्यात, पण घरात कोंडू नयेत. पाऊस लागणार नाही, वारा मात्र लागेल अशी जागा शोधावी. पारदर्शक पत्र्याचे छप्पर असल्यास उत्तम. पाणी देण्याचा वार ठरवूच नये. मुळे चंदेरी झाल्याखेरीज पाणी घालायचे नाही, मग आठ दिवस लागोत वा दहा. फॅलेनॉप्सिसच्या मधल्या कोवळ्या पानाच्या बेचक्यात पाणी साचले तर रात्रीत कूज सुरू होते, म्हणून ते कापसाने किंवा कागदाच्या टोकाने टिपून घ्यावे. अनुभवी मंडळी हीच झाडे थोडी तिरकी टांगतात, म्हणजे पाणी आपोआप ओघळते.

पावसाळ्याचा एक मोठा फायदाही करून घ्यावा. पहिले दोन-चार पाऊस गच्ची धुण्यासाठी सोडून नंतरचे पाणी झाकणाच्या पिंपात साठवावे. येथील अनेक बोअरचे पाणी क्षारयुक्त असते. ते वापरल्यास कुंडीवर आणि कोळशावर पांढरा थर चढतो आणि मुळांची टोके जळतात. बोअरशिवाय पर्याय नसेल तर त्यात निम्मे पावसाचे किंवा नळाचे पाणी मिसळावे.

ऑक्टोबरची उष्णता ओसरली की पाणी हळूहळू कमी करावे. डिसेंबर-जानेवारीत डेंड्रोबियमला आठवड्यातून दोनदा आणि फॅलेनॉप्सिसला एकदा पुरते. या दिवसांत रात्रीचा पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो आणि फॅलेनॉप्सिसला फुलांचा दांडा काढण्यासाठी हाच गारवा लागतो. वर्षभर बंद दिवाणखान्यात ठेवलेले झाड फुलत नसेल, तर त्याला नोव्हेंबरअखेरीपासून महिना-दीड महिना गॅलरीत ठेवून पाहावे.

खत

खताच्या बाबतीत आपण सुदैवी आहोत. ऊस आणि भाजीपाला करणारा जिल्हा असल्यामुळे १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारे खत कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळते. पिकासाठी पाकिटावर छापलेले प्रमाण मात्र ऑर्किडला झेपत नाही. एक लहान सपाट चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम खत १० लिटर पाण्यात विरघळवावे आणि वाढीच्या काळात आठवड्यातून एकदा द्यावे. आधी साध्या पाण्याने मुळे भिजवून, मग खताचे पाणी द्यावे. महिन्यातून एकदा खत न देता कुंडी भरपूर साध्या पाण्याने धुवावी, म्हणजे साठलेले क्षार निघून जातात. संततधारेच्या आठवड्यांत आणि आजारी झाडाला खत देऊ नये.

कूज आणि कीड

पानावर पाणी भरल्यासारखा, पारदर्शक, दुर्गंधी येणारा डाग दिसला की त्याच दिवशी हालचाल करावी लागते, कारण तो दोन-तीन दिवसांत पूर्ण पान गिळतो. ब्लेड आगीवर धरून निर्जंतुक करावे, डागाच्या पुढे बोटभर निरोगी भागासह पान कापावे, कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावावी आणि झाड चार दिवस कोरड्या, वाऱ्याच्या जागी ठेवावे. दालचिनी चांगल्या मुळांना लागू देऊ नये, ती त्यांना सुकवते. काळे, पसरणारे बुरशीचे डाग असतील तर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात फवारावे. तांबेयुक्त औषधे डेंड्रोबियमला पोळतात, म्हणून ती टाळलेली बरी.

पावसाळ्यात गोगलगायी मुळांची टोके आणि कळ्या कुरतडतात. रात्री काकडीची चकती कुंडीजवळ ठेवून तासाभराने टॉर्च घेऊन गेल्यास त्या तेथेच सापडतात. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसून काढावी आणि नंतर लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व साबणाचे काही थेंब घालून संध्याकाळी फवारावे. उन्हात फवारल्यास पाने भाजतात. उन्हाळ्यात पानांच्या मागे रुपेरी ठिपके आणि बारीक जाळी दिसली तर तो लाल कोळी असतो. पाने दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने वरचेवर पुसल्यास तो सहसा वाढत नाही.

फुले गेल्यानंतर

फॅलेनॉप्सिसचा दांडा हिरवा असेल आणि झाड दणकट असेल, तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर तो कापावा. तेथून कधी कधी फांदी फुटून पुन्हा फुले येतात. झाडाला तीनपेक्षा कमी पाने असतील तर दांडा तळापासून काढून टाकावा आणि झाडाला विश्रांती द्यावी. डेंड्रोबियमची पाने गळलेली जुनी खोडे मात्र कापू नयेत. ती निरुपयोगी दिसली तरी त्यांतला साठा नव्या फुटव्याला मिळत असतो, आणि काही वेळा त्याच जुन्या खोडाला पुन्हा फुले येतात. खोड पूर्ण सुकून पिवळे-तपकिरी आणि पोकळ झाल्यावरच ते काढावे.

दर दोन वर्षांनी, सोडणाचा चुरा होऊ लागला की कुंडी बदलावी. डेंड्रोबियमसाठी तळाशी नवा फुटवा येऊन त्याला मुळे सुटू लागतात ती वेळ योग्य, आणि आपल्याकडे ती बहुधा वळवाच्या पावसाच्या सुमारास येते. मुळे कुंडीला घट्ट चिकटली असतील तर ओढू नयेत. कुंडी अर्धा तास पाण्यात ठेवावी, तरीही सुटली नाहीत तर कुंडी फोडून तिच्या तुकड्यासकट झाड नव्या कुंडीत बसवावे. झाडाचे भाग करायचेच असतील तर प्रत्येक भागात किमान तीन खोडे ठेवावीत, एक-एक खोड वेगळे केले तर ते फुलायला वर्षे लागतात. कुंडी बदलल्यावर पहिले आठ-दहा दिवस सावलीत ठेवून पाणी बेताने द्यावे.

डेंड्रोबियमच्या जुन्या खोडाच्या वरच्या पेरावर कधी कधी लहान रोप फुटते. त्याला स्वतःची मुळे येऊन ती दीड-दोन इंचांची होईपर्यंत ते आईच्या अंगावरच राहू द्यावे. मग निर्जंतुक ब्लेडने खोडाच्या लहान तुकड्यासह ते कापावे, तीन इंचांच्या कुंडीत निव्वळ कोळशात लावावे, काडीला बांधावे आणि पहिला पावसाळा छपराखालीच काढावा.